डायोड १एन४००१, ४००४ की सगळीकडे ४००७?

वागळे_पॅनेल (ठाणे):
महिन्याला २०० च्या आसपास कंट्रोल बोर्ड भरतो. दोन प्रकार आहेत. पहिल्यात १२-०-१२ चा ७५० मिलिअँप ट्रान्सफॉर्मर, दोन डायोड, २२०० मायक्रोफॅरड आणि पुढे रिले. दुसऱ्यात २३० व्होल्ट थेट ब्रिजवर, त्यावर मोटरच्या डीसी ब्रेकची कॉइल, ०.३ अँपची. आत्ता पहिल्याला ४००१ आणि दुसऱ्याला ४००४ लावतो. यात खरंच पैसे वाचतात का?

रबाळे_बेंच:
नाही वाचत. ४००१ ते ४००७ सगळे १ अँपचेच, ३० अँपचा सर्जही तोच. बदलतं ते फक्त उलटं व्होल्टेज, म्हणजे बंद डायोड उलट्या बाजूने किती व्होल्ट सोसतो ते, ५० पासून १००० पर्यंत. खप सगळ्यात जास्त ४००७ चा, त्यामुळे लॅमिंग्टन रोडला (मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात) ४००१ स्वस्त मिळेलच असं नाही. शिवाय दोन नंबर ठेवले की भरताना अदलाबदल ठरलेली.

पहिल्या बोर्डाचा हिशोब बघा. सेंटर टॅपमध्ये बंद डायोडवर पीकच्या (लाटेच्या सर्वोच्च व्होल्टेजच्या) दुप्पट येतं: १२ व्होल्टचा पीक १७, १७ दुणे ३४. छोटा ट्रान्सफॉर्मर बिनलोडवर सहज १५ टक्के जास्त देतो आणि लाइन २५३ ला गेली की वर आणखी १०. झाले ४३. पन्नासातले उरले ७ व्होल्ट!

वागळे_पॅनेल:
पटलं. पण दुसऱ्या बोर्डात ब्रिजच्या आधी १४डी४३१ एमओव्ही (जादा व्होल्टेज दाबणारा पार्ट) आहे. मग ४००४ ला काय धोका?

रबाळे_बेंच:
तिथेच तर गंमत आहे. त्या एमओव्हीचं क्लॅम्पिंग व्होल्टेज, म्हणजे स्पाइक जिथे दाबून धरतो ते, ५० अँपला ७१० व्होल्ट आहे. त्याच लाइनवरचा कॉन्टॅक्टर सुटला आणि स्पाइक आला, तर एमओव्ही नीट दाबायला लागेपर्यंत ४०० चा डायोड उडालेला असतो. ६०० चा ४००५ सुद्धा त्याच्या खालीच. ८०० चा ४००६ जेमतेम वर आहे, पण किंमत सारखीच असताना ४००७ का नको? २५३ व्होल्टला पीकच ३५८ होतो, म्हणजे ४००४ ला एमओव्ही नसता तरी श्वास घ्यायला जागा नव्हती.

महापे_सर्व्हिस:
एक भर. ४००७ म्हणजे सगळीकडे ४००७ नव्हे. ५० हर्ट्झला आणि रिलेच्या कॉइलवर उलटा लावायला उत्तम. एसएमपीएसच्या (फार जलद चालू-बंद होणाऱ्या पॉवर सप्लायच्या) सेकंडरीला लावला तर वेळेत बंदच होत नाही, उलटा करंट वाहतो आणि भाजून निघतो. तिथे जलद बंद होणारा यूएफ४००७, नाहीतर ५ व्होल्टच्या आउटपुटला १एन५८१९ हा शॉटकी जातीचा जलद डायोड. शॉटकी फक्त ४० व्होल्टचा, तेव्हा १२ व्होल्टच्या आउटपुटला आधी उलटं व्होल्टेज मोजा.

वागळे_पॅनेल:
माल खरा आहे हे कसं ओळखायचं? मल्टिमीटरवर सगळे ०.५५-०.६ दाखवतात.

महापे_सर्व्हिस:
मल्टिमीटरला उलटं व्होल्टेज कळतच नाही. प्रत्येक लॉटमधले दहा-वीस डायोड सुटे घेऊन १००० व्होल्टच्या मेगरवर (इन्सुलेशन टेस्टरवर) उलटे लावा, मेगरचं अधिक (+) टोक डायोडवरच्या पट्टीच्या बाजूला. डेटाशीटप्रमाणे २५ अंशाला गळती ५ मायक्रोअँपच्या आत हवी, म्हणजे २०० मेगओहमच्या वर. नाव बदललेला ४००१ तिथे लगेच आडवा होतो. बोर्डावर बसवलेला डायोड असा तपासू नका, शेजारचे पार्ट जातील.

मग पायाला चुंबक लावा. चिकटला तर पाय लोखंडाचा. डायोडची उष्णता पायांतूनच बोर्डावर उतरते आणि लोखंड ती तांब्यापेक्षा बरीच कमी वाहून नेतं. रिलेवर चालून जाईल, पण ०.७-०.८ अँप सतत काढणार असाल तर तो लॉट परत करा.