पीएलसी : लॅडर येतं, पण स्ट्रक्चर्ड टेक्स्टमधला टायमर दुसऱ्या खोक्याला थांबतच नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मेंटेनन्समधला इलेक्ट्रिशियन. काम शिकलो ते रिले आणि काँटॅक्टरच्या पॅनलवर, पुढे जुन्या पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरवर, लॅडर ही त्याची चित्ररूप भाषा वाचायला लागलो. लॅडर मला ड्रॉइंगसारखं दिसतं. डावीकडून पॉवर येते, मध्ये कॉन्टॅक्ट, उजवीकडे कॉइल. मशीन थांबली की लॅपटॉप जोडून ऑनलाइन जायचं, कुठला कॉन्टॅक्ट हिरवा होत नाही ते बघायचं आणि सरळ त्या सेन्सरपाशी जाऊन उभं राहायचं. बरीच वर्षं यावर काम निभावलं.

आता येणाऱ्या मशीनचे प्रोग्राम तसे नाहीत. सगळं फंक्शन ब्लॉक (तयार ठोकळे) आणि स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये (चित्राऐवजी ओळींत लिहिलेला प्रोग्राम). जुन्या सवयीने एम १०.३ सारखा पत्ता शोधायला जावं तर पत्ताच नाही, नुसती नावं. वाचताना पॉवर कुठून कुठे जाते ते डोळ्यांसमोर येत नाही. मला हे नीट शिकायचं आहे, कारण रात्रपाळीत मशीन थांबली की विचारायला जवळ कोणी नसतं.

म्हणून लॅपटॉपवर कोडेसिस हे पीएलसी प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर टाकलं. फुकट मिळतं आणि सिम्युलेशन त्यातच आहे. ओळखीचं एक छोटं काम स्वतः लिहून बघायचं ठरवलं : कन्व्हेअरवर खोकं येतं, फोटो सेन्सर लागतो, २ सेकंद थांबून सिलिंडर खोकं बाजूला ढकलतो. लॅडरमध्ये मी हे डोळे मिटून करेन. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये असं लिहिलं :

इफ सेन्सर ट्रू, तर टॉन टायमर (उशिराने ऑन होणारा) बोलवायचा, त्याचा आयएन (इनपुट) ट्रू, पीटी (थांबायची वेळ) २ सेकंद. एन्ड इफ. त्याखाली वेगळ्या ओळीत : सिलिंडर = सेन्सर अँड टायमरचा क्यू (आउटपुट).

पहिलं खोकं बरोबर. सेन्सर हाताने ऑन केला, २ सेकंदांनी सिलिंडर बाहेर. सेन्सर ऑफ केला, सिलिंडर आत. पण दुसऱ्यांदा सेन्सर ऑन केला की सिलिंडर त्याच क्षणी बाहेर येतो! वेळ थांबतच नाही. तिसऱ्यांदाही तेच. पीटी बदलून ५ सेकंद केला, टायमरचं नाव बदललं, सगळं पुन्हा डाउनलोड केलं. प्रत्येक वेळी पहिलं खोकं ठीक, पुढची सगळी चुकीची.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यात माझं नेमकं काय चुकतंय? आणि लॅडरची सवय असलेल्या माणसाने हे नवं वाचायला कुठून सुरुवात करावी? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

प्रतिसाद १

प्रश्न फार नीट मांडलात, त्यामुळे चूक लगेच सापडली. टायमर इफच्या आत आहे, तो बाहेर काढा.

लॅडरमध्ये सेन्सरचा कॉन्टॅक्ट उघडा असला तरी ती ओळ प्रत्येक स्कॅनला, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला, वाचली जाते. कॉन्टॅक्ट उघडा, म्हणून टायमरला "आयएन फॉल्स" असा निरोप पोचतो आणि तो शून्यावर येतो. स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये इफची अट खोटी ठरली की आतल्या ओळी वाचल्याच जात नाहीत. तुमच्या टायमरला शेवटचा निरोप मिळाला तो "आयएन ट्रू" असा. खोकं निघून गेल्याचं त्याला कोणी कळवलंच नाही. त्याचा क्यू ट्रूच राहिला, आणि दुसऱ्या खोक्याने सेन्सर लागताच तुमची खालची ओळ पूर्ण झाली.

यात आणखी एक धोका लपलाय. खोकं येण्याआधी कोणाचा हात क्षणभर सेन्सरपुढून गेला तरी टायमरने सुरुवातीची वेळ नोंदवून ठेवलेली असते. मग खरं खोकं येईल तेव्हा २ सेकंद कधीच उलटून गेलेले असतील, म्हणजे पहिलंच खोकं चुकेल. सिम्युलेशनमध्ये करून बघा.

दुरुस्ती एका ओळीची आहे. इफ काढा, टायमर प्रत्येक स्कॅनला बोलवा आणि आयएनला सेन्सर थेट द्या. सिलिंडर = टायमरचा क्यू. बास.

टायमर, काउंटर, एज (सिग्नल बदलण्याचा क्षण) ओळखणारे ब्लॉक, या सगळ्यांना स्वतःची आठवण असते. ती आठवण ज्या जागेत राहते तिला इन्स्टन्स म्हणतात. म्हणून दोन टायमरना एकच इन्स्टन्स देऊ नका, दोघं एकमेकांची वेळ बिघडवतात. नवशिक्यांच्या प्रोग्राममध्ये मी सर्वांत जास्त वेळा पाहिलेली चूक हीच.

प्रतिसाद २

वरचं उत्तर बरोबर आहे. मी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण मीही पॅनलवरूनच इकडे आलो.

पहिला पीएलसी, मोडिकॉन ०८४, १९६९ च्या सुमारास आला, तो मोटारींच्या कारखान्यातले रिले पॅनल हटवण्यासाठी. लॅडर मुद्दाम रिलेच्या ड्रॉइंगसारखं ठेवलं, म्हणजे इलेक्ट्रिशियनला ते वाचता यावं. तेव्हा तुम्हाला ते सोपं वाटतं यात नवल नाही. पण त्या साम्याने एक गोष्ट झाकली जाते. पॅनलमध्ये सगळे रिले एकाच वेळी जिवंत असतात. पीएलसी तसा चालत नाही. तो आधी इनपुट वाचून ठेवतो, मग प्रोग्राम वरून खाली एकेक ओळ चालवतो, शेवटी आउटपुट बाहेर सोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. लॅडरही आतून असाच चालतो, फक्त दिसत नाही.

एक प्रयोग करा. लॅडरमध्येच एक कॉइल दोन ओळींत लिहा, वरच्या ओळीला एक बटण, खालच्या ओळीला दुसरं. पॅनलच्या हिशोबाने कुठलंही बटण दाबलं तरी दिवा लागायला हवा. पण वरचं बटण दाबून दिवा लागणार नाही, कारण खालची ओळ नंतर येऊन तीच कॉइल ऑफ करते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलंत की स्ट्रक्चर्ड टेक्स्टची भीती अर्धी जाईल. तिथे पॉवर शोधू नका, क्रम शोधा.

पत्त्यांबद्दल : नव्या कंट्रोलरमध्ये, उदाहरणार्थ सिमेन्सच्या एस७-१२०० आणि एस७-१५०० मध्ये, ऑप्टिमाइझ्ड ब्लॉकमधल्या टॅगला, म्हणजे त्या नावांना, ठरलेला पत्ता नसतोच. कोण कुठे ठेवायचं ते कंट्रोलर बघतो. अशा वेळी क्रॉस रेफरन्स हे तुमचं टेस्टर. टॅगवर जाऊन क्रॉस रेफरन्स उघडा, तो कुठे वाचला जातो आणि कुठे लिहिला जातो ते सगळं दिसतं. मशीन थांबलेली असताना "लिहिला जातो" तेवढंच आधी बघा, निम्मा वेळ वाचतो.

कोडेसिसवरच शिकत राहा. भाषा आयईसी ६११३१-३ या मानकातल्या आहेत, १९९३ पासूनच्या. इथे शिकलेलं स्ट्रक्चर्ड टेक्स्ट दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये थोड्याफार फरकाने चालतं. बटणं कुठे आहेत तेवढं शोधावं लागतं.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. टायमर बाहेर काढला आणि टायमरचा ईटी (उलटलेली वेळ) ऑनलाइन समोर ठेवून बसलो. सेन्सर ऑन, ईटी शून्यापासून २००० मिलिसेकंदांपर्यंत चढला. सेन्सर ऑफ, लगेच शून्य. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. मग मुद्दाम जुना प्रोग्राम परत टाकून सेन्सरपुढून हात गेल्यासारखं केलं, आणि खरंच पहिलंच खोकं चुकलं. दुहेरी कॉइलचा प्रयोगही केला. एवढी वर्षं लॅडर वाचतोय, पण हे असं कधी जाणवलं नव्हतं.

आता पुढचं. सिलिंडर पूर्ण बाहेर गेल्याचा रीड स्विच आहे, आत आल्याचाही आहे. खोकं ढकललं की बाहेरचा स्विच लागेपर्यंत थांबायचं, मग परत यायचं. इफ वर इफ लिहीत गेलो तर गुंता होतोय. शिवाय हवा कमी पडून सिलिंडर मध्येच अडकला तर काय करायचं?

प्रतिसाद १

इथे केस वापरा, म्हणजे एका आकड्यानुसार त्या आकड्याचाच भाग चालतो. पायरी नावाचा एक पूर्णांक घ्या. ० म्हणजे खोक्याची वाट, १० म्हणजे २ सेकंदांची वाट, २० म्हणजे सिलिंडर बाहेर, ३० म्हणजे सिलिंडर परत. दहाच्या अंतराने आकडे दिलेत तर मध्ये नवी पायरी घुसवता येते. मशीन थांबली की एकच आकडा बघायचा : पायरी २० वर अडकली असेल तर बाहेरचा रीड स्विच तपासा. तुमची ती हिरव्या कॉन्टॅक्टची सवय इथेही कामाला येते.

टायमर मात्र केसच्या आत लिहू नका, नाहीतर पहिलाच त्रास परत येईल. केसच्या खाली लिहा : टायमरचा आयएन = (पायरी १० आहे). पायरी बदलली की आयएन आपोआप फॉल्स.

अडकण्यासाठी दुसरा टायमर, आयएन = (पायरी २० किंवा ३० आहे), पीटी सिलिंडरच्या नेहमीच्या वेळेपेक्षा थोडा जास्त. क्यू आला की अलार्म आणि पायरी ९०, सगळं थांबलेलं. पण २० वरून थेट ३० वर गेलात तर हा आयएन मध्ये फॉल्स होत नाही आणि दोन्ही पायऱ्यांची वेळ एकत्र मोजली जाते. बाहेर जाण्याला एक आणि परत येण्याला एक, असे दोन वेगळे टायमर ठेवा.

प्रतिसाद २

पायरी ९० वरून बाहेर यायला रीसेट बटण ठेवा, आणि सिलिंडर आत असल्याचा स्विच लागलेला असेल तरच पायरी ० वर जाऊ द्या. रीसेट दाबताच सिलिंडर आपोआप हलता कामा नये, तिथे कोणाचा तरी हात असू शकतो. इमर्जन्सी स्टॉप या प्रोग्रामच्या भरवशावर कधीही ठेवू नका. तो सेफ्टी रिलेमधून किंवा सेफ्टी कंट्रोलरमधूनच जायला हवा, साध्या पीएलसीला फक्त तो दाबल्याची खबर द्या.

मूळ प्रश्नकर्ता

दोन वेगळे टायमर घातले. बाहेरचा रीड स्विच मुद्दाम ऑफ ठेवला, पायरी २० वर थांबून बरोबर ३ सेकंदांनी ९० आलं. रीसेटची अट उद्या लिहून इथे टाकतो. तपासून द्याल का?