काशीवास, काशीलाभ की क्षेत्रसंन्यास?

शब्दवेडी : हिंदीतून एक लेख मराठीत आणते आहे. त्यातली म्हातारी 'काशीवास' करायला आली आहे, म्हणजे मरेपर्यंत तिथेच राहायला. मी 'काशीवासाला आली' लिहिलं, संपादकांनी 'काशीयात्रेला आली' केलं. 'वास' म्हटलं की गंध आठवतो, असं त्यांचं म्हणणं. नेमका शब्द कोणता?

पिंपळपार : यात्रा नक्कीच नव्हे. यात्रेला परतीची वाट असते. प्रयागला मुंडन, काशीला विश्वेश्वर, गयेला पिंड, आणि घरी आल्यावर मावंदं, म्हणजे यात्रा पार पडल्याची गंगापूजा आणि पंगत. ज्याचं मावंदं व्हायचंय ती यात्रा, ज्याचं होणारच नाही तो वास. वनवास, सासुरवास हे शब्द रोजचे असताना गंधाची अडचण कुठून आली?

गोदातीर : 'काशीवास' सैल शब्द आहे. नोकरीपायी बनारसला राहणाराही काशीवासीच की. क्षेत्राची सीमा मरेपर्यंत न ओलांडण्याचा संकल्प सोडला, की तो क्षेत्रसंन्यास. तो घेतलेल्याला समोरच्या काठावर रामनगरच्या रामलीलेलाही जाता येत नाही, कारण पूर्वतीर क्षेत्राबाहेर. 'संन्यास' शब्दाने मात्र फसू नका. भगवी वस्त्रं, दंड यांचा इथे संबंध नाही, गृहस्थालाही तो घेता येतो.

वरुणाकाठ : पण त्या म्हातारीने असा संकल्प केलाय का? नसेल तर क्षेत्रसंन्यास लिहिणं चूक. आणि मरणाबद्दलच बोलायचं असेल तर 'काशीलाभ' आहे. तिथल्या मुक्तिभवनाच्या नावातच तो आहे, १९५८ पासून. माणूस अगदी अखेरीला आलेला असला तरच तिथे घेतात, मुदत साधारण दोन आठवड्यांची. म्हणजे हा शब्द राहण्याचा नाही, देह ठेवण्याचा. काश्यां मरणान्मुक्तिः.

पिंपळपार : 'काशीलाभ' हिंदीतला. मराठीत कशाला?

वरुणाकाठ : काशी आणि लाभ, यातला हिंदी कोणता? पुत्रलाभ, धनलाभ चालतात तर हाही चालेल. संस्कृत समासावर एकट्या हिंदीचा हक्क नाही.

गोदातीर : सीमेचा मुद्दा राहिला. ती सीमा म्हणजे पंचक्रोशी, आणि आपण हा शब्द भलत्याच अर्थाने वापरतो. मराठीत पंचक्रोशी म्हणजे गावाभोवतीचा मुलूख. काशीत ती चालायची वाट आहे. मणिकर्णिकेहून निघून कर्दमेश्वर, भीमचंडी, रामेश्वर, शिवपूर, कपिलधारा असे पाच मुक्काम. एकूण पंचवीस कोस, सुमारे ८० किलोमीटर.

शब्दवेडी : मग 'पंच' कुठून आलं? पाच मुक्कामांवरून?

गोदातीर : नाही. क्षेत्राच्या मध्यावरच्या मध्यमेश्वराच्या देवळापासून पश्चिम सीमेवरच्या देहली विनायकापर्यंतची त्रिज्या पाच कोसांची धरतात.

पिंपळपार : हिशेब बसत नाही. पाच कोस त्रिज्येचा घेर एकतीस कोसांच्या पुढे जातो.

गोदातीर : पुरं वर्तुळ असतं तर गेला असता. पूर्वेला गंगा आहे. कपिलधारेहून वाट वरुणासंगमावर उतरते आणि तिथून काठाकाठाने मणिकर्णिकेला परत येते. सगळं क्षेत्रच शिवलिंग मानून उजव्या हाताला ठेवायचं, म्हणून देवळं उजवीकडे आणि धर्मशाळा डावीकडे. मुक्काम, शौच सगळं डाव्या अंगाला. शेवटच्या टप्प्यात जव टाकत जातात. मराठी माणूस 'आमच्या पंचक्रोशीत' म्हणतो तेव्हा यातलं काहीच त्याच्या मनात नसतं.

वरुणाकाठ : नसू दे. क्रोश मोजायचं माप आहे, ते कुठल्याही गावाला लागतं. मराठी अर्थ चूक कसा?

ओसरी : मावंदं कुठून आलं ते कुणी सांगेल का? मला 'महावंदन' वाटतो.

पिंपळपार : नुसत्या ध्वनिसाम्यावर जाऊ नका. मावंद्यात वंदन गौण आहे. पूजा होते ती गंगेची, आणि मुख्य काम पंगतीचं.

ओसरी : गंगेची पूजा म्हणजे वंदनच ना? गंगाजल भरून तोंड झाळलेली तांब्याची लोटी पाटावर मांडून तिच्यावर हळदकुंकू वाहतात.

पिंपळपार : मांडतात, पण सगळ्या लोट्या फोडत नाहीत. एक तशीच बंद देव्हाऱ्यात ठेवतात, शेवटच्या घोटासाठी. काशीला जाणं ज्यांना जमलं नाही त्यांच्या तोंडात ते पाणी घालतात. त्यालाही काशीलाभच म्हणायचं का?

वरुणाकाठ : नाही. देह काशीत पडला पाहिजे.

ओसरी : आमच्याकडे म्हणतात.