म्होरक्याला टिपलं की प्रश्न सुटतो का?

पाचपाखाडीकर:
मंडळी, विषय जड आहे पण डोक्यातून जात नाहीये. महापेला जाताना ट्रान्सहार्बरला आमचा ठरलेला ग्रुप असतो, ठाण्याला चढायचं आणि कोपरखैरणे येईपर्यंत जगाचे सगळे प्रश्न सोडवून टाकायचे. परवा एकजण म्हणाला इस्रायलने २०२४ ला बैरुतमध्ये लेबनॉनच्या हिजबुल्ला संघटनेचा म्होरक्या नसरल्ला याला संपवला तसा आपण मसूद अझहर का नाही संपवत, तर दुसरा म्हणे यादी करून माणूस मारणं म्हणजे सुपारीच झाली की, फक्त पैसे सरकारचे. बस, तिथून जी जुंपली की बाकीचा डबा फोन बाजूला ठेवून आमच्याकडे बघायला लागला.
आता खरं सांगतो, पहलगाम झालं तेव्हा डोंबिवलीचे तिघं गेले, पनवेलचे एक गेले, तेव्हा मलाही वाटत होतं की ज्यांनी केलं त्यांना असंच टिपावं, कोर्टबिर्ट काही नको. पण शांतपणे विचार केला की कोर्ट नाही वकील नाही, यादीत नाव आलं की वरून मिसाईल, हे पण पचत नाही. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या आहेत, हे युद्ध धरायचं की खून, आणि त्याचा उपयोग होतो का. पक्षांचं राजकारण आणू नका प्लीज.

पारसिक_बोगदा:
यात विचारायचंय काय? दहशतवाद्याला कसला वकील. महाराजांनी अफजलखानाला नोटीस पाठवली होती का?

माजी_सुभेदार_कळवा:
बोगदा, अफजलखान मध्ये आणू नकोस. तो फौज घेऊन चालून आला होता आणि १६५९ ला प्रतापगडाखाली दोघं समोरासमोर होते. इथे मारणारा हजारो किलोमीटर लांब स्क्रीनसमोर बसलाय, विषय वेगळा आहे.
पाचपाखाडीकर, माझ्या मते शत्रूचा कमांडर हे लक्ष्य असतंच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपान्यांचे मेसेज फोडून १८ एप्रिल १९४३ ला त्यांच्या नौदलाच्या यामामोतोचं विमान पाडलं, त्याला खून म्हणणारे फार कमी सापडतील. वर्दीतला अ‍ॅडमिरल, चालू युद्ध. आणि दुसरं म्हणजे ज्याला धरायला गेलो तर माझी चार पोरं परत येणार नाहीत त्याला वरून मारण्यात मला तरी पाप दिसत नाही. 'जिवंत पकडा' म्हणायला सोपं असतं हो, दरवाजा तोडून पहिला आत शिरणारा कोण हे कोणी विचारत नाही. एक माणूस नेमका मारला तर आख्ख्या गावावर तोफा डागण्यापेक्षा माणसं कमीच मरतात. फक्त अट एकच, माणूस तोच आहे याची खात्री पाहिजे.

वकीलबाई_वाशी:
सुभेदार साहेब, यामामोतोचं मान्य, पण ती खात्रीच तर अवघड आहे.
काबूलचं बघा, २९ ऑगस्ट २०२१. तीन दिवस आधी विमानतळावर स्फोट होऊन १३ अमेरिकन सैनिक आणि कितीतरी अफगाण मेलेले, सगळे टेन्शनमध्ये. एक पांढरी टोयोटा कोरोला, तिच्यावर ड्रोनने साधारण आठ तास नजर ठेवली, माणूस ऑफिसला थांबला, कॅन चढवले, लोकांना सोडलं, घरी निघाला. वरून बघणाऱ्याला कॅनमध्ये स्फोटकं दिसली. होतं पाणी. आणि तो माणूस एका अमेरिकन मदतसंस्थेचाच कर्मचारी. गाडी घराच्या अंगणात शिरली, घरातली मुलं बाहेर आली आणि मिसाईल पडलं. १० मेले त्यातली ७ मुलं. वरिष्ठ जनरलने आधी हल्ला न्याय्य होता असं सांगितलं, पत्रकारांनी खणून काढल्यावर १७ सप्टेंबरला चूक कबूल केली, आणि शिक्षा कोणालाच झाली नाही. कॅमेरा चांगलाच होता हो, बघणाऱ्यांनी आधीच ठरवलं होतं काय दिसणार ते.
आता तुमचा युद्ध की खून. युद्ध चालू असेल तर लढणाऱ्याला मारता येतं, पण आजूबाजूच्या नागरिकांचं नुकसान लष्करी फायद्याच्या मानाने जास्त होता कामा नये. युद्ध नसेल तर धोका अगदी समोर येऊन ठेपलेला पाहिजे आणि दुसरा मार्गच नको. म्हणून तर जानेवारी २०२० ला बगदाद विमानतळाजवळ अमेरिकेने इराणचा जनरल सुलेमानी याला मारलं तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ आग्नेस कालामार यांनी ते बेकायदा ठरवलं, कारण तसा धोका होता याचा पुरावाच अमेरिकेने दिला नाही. अमेरिका अर्थात मानत नाही. इस्रायलच्या सुप्रीम कोर्टाने २००६ ला सरसकट बंदीही घातली नाही आणि सरसकट परवानगीही दिली नाही, म्हणाले प्रत्येक केस वेगळी बघा, अटक शक्य असेल तर अटक करा, मारल्यावर स्वतंत्र चौकशी करा. कागदावर एक नंबर.

पाचपाखाडीकर:
काबूलचं एवढं डिटेलमध्ये माहीत नव्हतं, वाचून कसंतरीच झालं. आणि उपयोगाचं काय? थांबतं का काही?

जुनं_ठाणं:
कधी थांबतं, बहुतेक वेळा माणूस बदलतो. नसरल्लाचं उदाहरण तुमच्या मित्राने दिलंच आहे तर तो गादीवर आला कसा ते पण त्यांना सांगा. फेब्रुवारी १९९२ ला इस्रायलने हिजबुल्लाचा तेव्हाचा प्रमुख मुसावी याला मारलं, म्हणून नसरल्ला आला आणि ३२ वर्षं टिकला. महिनाभरात ब्युनोस आयर्सची इस्रायली वकिलात उडवली, २९ लोक गेले. तालिबानचा प्रमुख मुल्ला मन्सूर २०१६ ला ड्रोनने मारला, २०२१ ला काबूलमध्ये कोण बसलं ते आपण बघितलंच. प्रभाकरन गेला आणि LTTE संपली हे खरं, पण तोवर लंकेच्या फौजेने त्यांची सगळी जमीनच घेतली होती, नुसता माणूस टिपून झालं नाही ते.
आणि फटका भलत्यालाच बसतो. सुलेमानीनंतर इराणने इराकमधल्या अमेरिकन तळांवर मिसाईलं सोडली आणि त्याच पहाटे घाबरलेल्या इराणी पथकाने तेहरानहून उडालेलं युक्रेनचं प्रवासी विमान पाडलं, १७६ जण. ओसामाला शोधायला सीआयएने अबोटाबादमध्ये खोटी लसीकरण मोहीम चालवली, पुढे पोलिओचे डोस देणाऱ्या बायकांना लोक हेर समजायला लागले, कित्येकींना गोळ्या घातल्या.
उलट जिवंत धरलेला माणूस बघा. पेरूमधल्या माओवादी बंडखोरांचा म्होरक्या गुझमन १९९२ ला पकडला, त्याची संघटना ढेपाळली. आणि लांब कशाला जायचं, तुकाराम ओंबळेंनी गोळ्या झेलत कसाबला धरून ठेवला म्हणून पाकिस्तानला जानेवारी २००९ ला कबूल करावं लागलं की तो आमचाच. तो तिथेच मेला असता तर आजही 'पुरावा दाखवा' चालू असतं.
(अवांतर: आपल्या ठाण्याच्या जेलमध्ये अनंत कान्हेरेंना १९१० ला फाशी झाली, नाशिकच्या कलेक्टर जॅक्सनला मारल्याबद्दल. बरोबर चूक ज्याने त्याने ठरवावं, पण त्यांनी किंमत स्वतःच्या मानेने मोजली. ड्रोनचं बटण दाबणारा ड्युटी संपली की घरी जातो, मला तिथे खटकतं.)

पारसिक_बोगदा:
म्हणजे काय आता, बिर्याणी खायला घालून ठेवायचं सगळ्यांना?

माजी_सुभेदार_कळवा:
बोगद्याची भाषा सोडा पण मुद्दा आहे त्यात. कसाब मुंबईत सापडला, पाकिस्तानात मसूद अझहरच्या बहावलपूरला जाऊन कोण आणणार होतं? आणि तो अझहर आपल्याच ताब्यात होता की, १९९४ पासून, जिवंत. शेवटी विमान पळवलं आणि ३१ डिसेंबर १९९९ ला कंदाहारला नेऊन सोडावा लागला. त्यानंतर जैश उभी केली त्याने. जिवंत ठेवण्याची पण किंमत असते, ती कोणी मोजली तेही लिहा.

जुनं_ठाणं:
याला माझ्याकडे उत्तर नाही साहेब. एवढंच म्हणेन की तो सुटला ते आपण वाटाघाटीत अडकलो म्हणून, आणि २०२५ च्या मे मध्ये बहावलपूरवर भारताचा हल्ला झाला तेव्हा त्याच्या घरचे १० जण मेले असं त्याच्याच नावाने निवेदन आलं, तो मात्र वाचला. आता त्या घरातली पुढची पिढी काय करेल याचा अंदाज तुम्ही मी बांधू शकतो.

माजी_सुभेदार_कळवा:
पुढची पिढी आधीपण तेच करत होती. चौकशी हवी हे मात्र वकीलबाईंचं मान्य. फक्त चौकशी करणाऱ्यांत कधी ऑपरेशन केलेला एखादा तरी असू दे, नाहीतर एसीत बसून निकाल देतात.

वकीलबाई_वाशी:
साहेब तोही प्रयोग झालाय. जुलै २००२ ला इस्रायलने गाझात हमासचा कमांडर शहादेह याला मारायला दाट वस्तीत एक टनाचा बॉम्ब टाकला, तो गेला आणि सोबत डझनभर नागरिक, त्यात लहान मुलं. चौकशी समितीत एक निवृत्त न्यायाधीश बाई, एक माजी जनरल आणि गुप्तचर खात्यातला माजी अधिकारी. अहवाल आला २०११ ला. नागरिकांचं नुकसान प्रमाणाबाहेर झालं असं त्यांनीच लिहिलं, आणि गुन्हा कोणावरच नाही.