उपरोध, वक्रोक्ती की व्याजस्तुती?

प्रश्न: कथेतलं एक पात्र, गरजेच्या वेळी पाठ फिरवणाऱ्या मित्राला म्हणतं, "धावून आलास, फार उपकार झाले." याला वक्रोक्ती म्हणायचं की उपरोध? वर्गात दोन्ही मतं निघाली, आणि व्यवहारात तर दोन्ही शब्द सरसकट वापरतात.

उत्तर: उपरोध. वाकडं बोलणं ते सगळं वक्रोक्ती, हे गप्पांपुरतं चालेल. अलंकार म्हणून मात्र वक्रोक्तीला दोन माणसं लागतात. एक जण सरळ बोलतो आणि दुसरा मुद्दाम भलताच अर्थ लावून त्याला उत्तर देतो. "तुझं उत्तर कुठे आहे?" "ध्रुवताऱ्याच्या दिशेला." ही श्लेषवक्रोक्ती, कारण 'उत्तर' या एकाच शब्दाचे दोन अर्थ इथे खेळवले आहेत. एकीनं म्हणावं, "तो येणार नाही," आणि दुसरीनं तेच शब्द सूर बदलून परतवावेत, "तो येणार नाही?" म्हणजे येणारच. ही काकुवक्रोक्ती (काकू म्हणजे आवाजातला बदल, नात्यातली नव्हे). तुमच्या वाक्यात मित्र काही बोललेलाच नाही, मग वाकवायचं काय?

गंमत अशी की संस्कृतात उपरोध म्हणजे अडथळा, आडकाठी. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाच्या अलंकारांत तो नाहीच. पण त्याच्या 'काव्यप्रकाशा'त तुमच्या वाक्याचा सख्खा भाऊ सापडतो. अपकार करणाऱ्याला तिथे सांगितलं आहे की फार उपकार केलेत, असंच करत शंभर वर्षं सुखात राहा. हे त्यानं ध्वनीच्या, म्हणजे सूचित अर्थाच्या, प्रकरणात दिलं आहे: वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ, पार बाजूला पडतो आणि विपरीत लक्षणेनं उलटा अर्थ हाती येतो (लक्षणा म्हणजे सरळ अर्थ जुळत नाही म्हणून त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ घेणं). म्हणून उत्तरपत्रिकेत नुसतं 'उपरोध' लिहून थांबू नका. 'विपरीत लक्षणेनं साधलेला उपरोध' लिहा आणि उलटा अर्थ कशावरून कळला, तेही सांगा. आधीच्या प्रसंगात मित्र आलाच नव्हता, हे वाचकाला ठाऊक आहे म्हणून.

प्रतिप्रश्न: पण काव्यशास्त्रकार कुंतक तर वक्रोक्तीला काव्याचा प्राण म्हणतो. मग उपरोधही तिच्यातच आला ना?

उत्तर: आला, आणि उपमाही आली! तीच अडचण आहे. शब्द एक असला तरी प्रत्येक आचार्याची वक्रोक्ती वेगळी. भामहाच्या मते ती सगळ्याच अलंकारांच्या मुळाशी असते. वामन सादृश्यावर आधारलेल्या लक्षणेला वक्रोक्ती म्हणतो, म्हणजे तो रूपकाच्या शेजारी जाऊन बसतो. रुद्रट तिला शब्दालंकारांत आणतो, मम्मट त्याच वाटेनं जातो, आणि आपल्या शालेय व्याख्या तिथूनच आल्या आहेत. कुंतकाचा आवाका फार मोठा: वर्णविन्यासापासून (अक्षरांची मांडणी) पदाचा पूर्वार्ध, प्रत्यय, वाक्य, प्रकरण आणि थेट प्रबंधापर्यंत (संपूर्ण काव्यकृती) सहा पातळ्यांवर तो वक्रता पाहतो. कवितेची घडण उलगडायला हे उत्तम आहे. 'या ओळीतला अलंकार ओळखा' या प्रश्नाला मात्र त्याचा काही उपयोग नाही. वक्रोक्ती लिहिताना ती कुणाची, एवढं नाव जोडलंत की वाद मिटतो.

आणखी एक शंका: व्याजस्तुती म्हणजे मग उपरोधाचंच शास्त्रीय नाव का?

उत्तर: अर्धवट. व्याजस्तुती दुतोंडी आहे. स्तुतीच्या आडून निंदा होते, तशी निंदेच्या आडून स्तुतीही होते. "हा दाता मोठा लबाड, याचकांचं दारिद्र्यच पळवून नेतो," यात बोचरं काहीच नाही. उपरोधाला हे दुसरं तोंड नसतं. आणि व्याजोक्तीशी गल्लत करू नका. व्याज म्हणजे इथे बहाणा. उघडी पडू लागलेली गोष्ट बहाण्यानं झाकायची, ती व्याजोक्ती: भरून आलेले डोळे पुसत "धूळ गेली" म्हणणं.

हरकत: नाटकात जे प्रेक्षकांना माहीत असतं, ते पात्राला नसतं. त्यालाही 'नाट्यात्म उपरोध' म्हणतात. तिथे कोण कुणाला टोचतं?

उत्तर: कुणीच नाही, म्हणून तो शब्द मलाही खटकतो. सोफोक्लीझच्या नाटकात ईडिपस राजा लायसच्या मारेकऱ्याला शाप देतो, तो अगदी मनापासून. मारेकरी आपणच, हे त्याला ठाऊक नाही. बोलणाऱ्याच्या मनात उलटा अर्थ नाही. तो प्रसंगाच्या रचनेत आहे. अशा ठिकाणी मी सरळ 'आयरनी' लिहितो. काही जण 'विरोधाभास' लिहितात, ते तर नकोच. विरोधाभासात वरवर दिसणारा विरोध विचार केल्यावर मिटतो; ईडिपसच्या बाबतीत खरं कळल्यावर तो उलट अधिक भीषण होतो.

जाता जाता: 'शालजोडीतला' आणि 'लेकी बोले सुने लागे' यांना काय म्हणायचं?

उत्तर: शालजोडीतला बहुतेक वेळा व्याजस्तुतीत जातो, कारण वर मऊ कौतुक असतं. दुसरी म्हण मात्र अन्योक्ती. तिथे शब्द उलटे नसतात, फक्त ज्याला लागायचे तो माणूस दुसराच असतो.