गिरणीचा आवाज आणि "हे १९४८ साली झालंय"

गिरणीकर

मंडळी, प्रश्न छोटा आहे, पण जरा लांबण लावतो. सांभाळून घ्या.

पोटापाण्यासाठी मी लग्नाच्या व्हिडिओंचं साउंड एडिटिंग करतो. रात्री स्वतःचं काहीबाही. मागच्या दिवाळीत वाईजवळ आमच्या गावी गेलो, तेव्हा आळीतल्या पिठाच्या गिरणीत तीन दिवस रेकॉर्डर घेऊन बसलो होतो. बाजरीचा आवाज वेगळा, गव्हाचा वेगळा. धान्य संपत आलं की दगड मोकळे घासायला लागतात आणि पट्ट्याचा सूर चढतो, तो तर खासच. गिरणीवाल्या काकांना हेडफोन लावून ऐकवलं. जरा वेळ ऐकून म्हणाले, "दगडाला टाकी लावायला झालीय रे." म्हणजे झिजलेल्या दगडाला छिन्नीने खाचा पाडायला हव्यात. एवढं बोलून गिऱ्हाईकाकडे वळले.

त्याचा १८ मिनिटांचा पीस केला. गेल्या महिन्यात एका घरगुती बैठकीत वाजवला, पंचवीसेक माणसं होती. संपल्यावर एक गृहस्थ आले. "छान आहे. पण हे शेफरने १९४८ सालीच आगगाडीवर केलंय. तुमचं त्यात काय?"

घरी येऊन शोधून ऐकलं. पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनातली इंजिनं, शिट्ट्या, रुळांचा खडखडाट, जेमतेम तीन मिनिटं. पियेर शेफर रेडिओत कामाला होता, तिथल्याच यंत्रांवर त्याने ते जुळवलं. ऐकून पार खचलो.

तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. प्रयोग म्हणायचं तर आधी कुणी केलेलं नको. पण लोकांनी ठेवलंय काय? ओव्हल या जर्मन गटाने सीडीवर पेनने रेघा ओढून त्या अडखळवल्या. त्याच्याही आधी यासुनाओ तोने या जपानी कलाकाराने सीडीला भोकं पाडलेली चिकटपट्टी लावली. आणि मी ज्या ज्या बैठकांना जातो तिथे अंधार तोच, लॅपटॉपवरून मान वर न करणारा माणूस तोच. नावीन्याचाही साचा झालाय का? आमची आई वेगळंच विचारते, "गाणं कधी सुरू होणार?" ते जाऊ दे.

पाटपाणी

आधी लिंक टाका, मग तत्त्वज्ञान.

गिरणीकर

ज्यांना हवी त्यांना व्यनि (खासगी निरोप) करतो. इथे उघड्यावर टाकायला धीर होत नाही.

कॅसेटवाले काका

मी डोंबिवलीत वीस वर्षं कीबोर्ड दुरुस्त केले, त्यामुळे माझा चष्मा यंत्रांचा. चरणजित सिंगांचं उदाहरण घ्या. सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा माणूस. १९८२ साली मुंबईत रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन बसले: ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, ठेक्याचं टीआर-८०८ आणि बेसचं टीबी-३०३. हे ३०३ एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला मागे बेस मिळावा म्हणून काढलेलं. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आपल्या माणसाला तिथे मींड दिसणारच! भैरव, ललित, तोडी असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. रेकॉर्ड फारशी कुणी घेतली नाही.

पुढे १९८७ला शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ची बटणं पिळून 'ॲसिड ट्रॅक्स' काढली आणि त्यातून ॲसिड हाउस नावाचा नाचाच्या संगीताचा एक अख्खा प्रकार उभा राहिला. २०१० साली सिंगांची रेकॉर्ड पुन्हा निघाली तेव्हा परदेशातली मंडळी चक्रावली, काहींना तर ती बनावटच वाटली. गंमत अशी की काहीतरी वेगळं करू म्हणून ते बसले, पण सामान सगळं ओळखीचंच. रागाचे नियम पाळलेले, ठेका तर त्या काळी गल्लीगल्लीत वाजणारा. दोन्ही उसनं. मग 'तुमचं त्यात काय' हे त्या गृहस्थांनी सिंगांना विचारलं असतं का?

खर्ज

व्यनि मिळाला, पीस दोनदा ऐकला. स्पष्ट बोलू का दादा?

गिरणी तुझीच आहे, त्याबद्दल काळजी नको. पण पहिली तीन मिनिटं शून्यातून हळूहळू वर येणारा आवाज, खाली सतत घुमणारा खर्ज (माझं नाव बदनाम!), सगळ्यावर गाभाऱ्यासारखा रिव्हर्ब (वरून चढवलेला घुमारा), आणि मधेमधे तबकडीची खरखर. तुमच्या घरी तबकडी होती का रे कधी? अँबियंट, म्हणजे वातावरण उभं करणारं संथ संगीत, म्हणून जे कानावर पडतं त्यातल्या निम्म्यात हाच मसाला असतो. त्या गृहस्थांनी चोरी शोधली, पण भलत्याच खिशात.

शेफरचं म्हणशील तर त्याचं तुझ्या उलट होतं. तेव्हा त्याच्याकडे टेप नव्हती, काम तबकड्यांवर. खोबण बंद करून तोच तुकडा फिरवत ठेवायचा. घंटेचा टोला काढून नुसती घुमणूक ठेवायची, मग ती घंटा आहे हे ओळखू येत नाही. आवाज कशाचा आहे हे ऐकणाऱ्याने विसरावं, हा त्याचा आग्रह, आणि त्याच्या गोटात पुढे तो दंडकच झाला. बंडखोरांचं घराणं झालं म्हण. मग त्याच गोटातल्या ल्युक फेरारीने युगोस्लाव्हियातल्या वेला लुका नावाच्या कोळ्यांच्या गावात खिडकीपाशी माइक ठेवून पहाट टिपली. बोटीचं इंजिन, माणसांची बोलणी, किड्यांची किरकिर. कात्री लावली, पण दिसू दिली नाही. १९७०ची गोष्ट. यंत्र एकही नवं नाही, फक्त आवाज ओळखू येऊ दिला. तेवढ्याने घरच्यांचा नियम मोडला.

तुझे काका ऐकून 'टाकी' म्हणाले ना? ते ऐकणं पीसमध्ये कुठेय? रिव्हर्बखाली गाडलंस तू.

जाता जाता: मी मिरजेची. तू खाली जो खर्ज लावलायस ना, त्याचं एक मूळ आमच्या तंबोऱ्यात आहे. किराणा घराण्याचे गायक पंडित प्राणनाथ १९७०मध्ये अमेरिकेत गेले, ला माँट यंग आणि टेरी रायली हे तिथले संगीतकार त्यांच्यापाशी शिकायला बसले. फिरून फिरून भोपळे चौकात. पण आमच्याकडे जवारी, म्हणजे तारेची घुमणारी झणक, काढणारा तारांखालची घोडी जराशी घासतो, सूत सरकवतो, कान लावतो, परत घासतो. एका तंबोऱ्यापायी अख्खी दुपार जाते. तुझा खर्ज कुठल्या प्रीसेटचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या कुठल्या तयार आवाजाचा?

कॅसेटवाले काका

खर्जताईंना अनुमोदन. मात्र सगळा रिव्हर्ब काढू नका. गिरणीला पत्र्याची शेड असते, तिचा स्वतःचा घुमारा असतोच की.

गिरणीकर

ताई, पकडलंत. तबकडी कधीच नव्हती. खरखर फुकटच्या सॅम्पल पॅकमधली आहे आणि खर्ज प्रीसेट क्रमांक १४.

काल रात्री तिन्ही गोष्टी काढल्या, हळू चढणारी सुरुवातही कापली. आता धाडकन पट्टा चालू होतो. १८ची ७ मिनिटं उरली. काका, शेडचा घुमारा मूळ रेकॉर्डिंगमध्येच आहे, वरून काही लावलं नाही. शेवटी धान्य संपतं तिथे मी आधी फेड मारला होता (आवाज हळूहळू विरवला होता), तो काढून दगड घासू दिले. चाळीस सेकंद, कानाला नको होतं असं.

अडचण एवढीच की आता ती फारच गिरणी वाटते. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, दळण आणायचं राहिलं का? हे बरं झालं की वाईट, ते कळेना.

पाटपाणी

लिंक?