गोधडीसाठी स्वस्तात कापड, मंगलदासला जायचंय, टिप्स द्या ना

धावदोरा_डोंबिवली
नमस्कार मंडळी, लेक जूनमध्ये पुण्याला होस्टेलवर चाललीये आणि तिने फर्मान काढलंय की पणजीच्या गोधडीसारखी गोधडीच हवी, विकतची रजई नको. आता नऊवाऱ्या घरात कुठून आणू, सासूबाई बारा महिने गाऊनमध्ये असतात! आत घालायला दोन जुन्या सुती साड्या कशाबशा जमवल्यात, पण वरचं आणि खालचं कापड विकतच घ्यावं लागणार. शनिवारी मी आणि माझी मैत्रीण मुंबईच्या कापडबाजारात, मंगलदास मार्केटला जायचं म्हणतोय. मागे घराजवळच्या एका सेलमधून 'प्युअर कॉटन' म्हणून चार मीटर आणलं होतं, पहिल्याच धुण्यात नवऱ्याचे सगळे बनियन गुलाबी झाले, तो अजून बोलतोय त्यावरून. तर 5 बाय 7 फुटाच्या गोधडीला किती मीटर लागेल, आणि तिथे घासाघीस चालते का? बजेट हजार रुपये, लोकलचं तिकीट आणि खाणंपिणं सोडून.

वाकळवाली
गोधडीला नवं कापड?? आमच्या कोल्हापूरकडे वाकळ म्हणतात आणि ती जुन्याचीच असते, म्हणून तर ती अंगाला मऊ लागते. गल्लीतल्या ब्लाऊज शिवणाऱ्या ताईंकडे पिशवी देऊन ठेव, महिन्याभरात टू बाय टूचे (ब्लाऊजच्या कापडाचे) आणि अस्तराचे तुकडे भरून मिळतील, तेही फुकट. मी तीन वाकळी अशाच केल्यात.

धावदोरा_डोंबिवली
अहो ताई, विचारलं ना, आमच्या टेलरबाई सगळ्या चिंध्या पायपुसणीवाल्याला देतात आणि माझ्या आधी तिघींनी नंबर लावलाय.

कटपीस_काकू
अगं आधी पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा हिशोब कर मग मीटरचा. साधारण कॉटन 44 इंच पन्ह्याचं येतं. सगळे काय करतात, 7 फुटाचे दोन लांब तुकडे घेऊन उभे जोडतात, त्याला पावणेपाच मीटर लागतं आणि कडेची मोठी पट्टी उरते. तू आडवे जोड. 66 इंचाचे दोन तुकडे एकावर एक, म्हणजे साडेतीन मीटरमध्ये खालची बाजू झाली, धुऊन थोडं आटलं तरी पुरतं. जोड मधोमध आडवा येतो, पण गोधडीच्या खालच्या बाजूला कोण बघतंय! फक्त पन्हा विचारून घे हं, काही कापडं 36 इंचीच असतात, तिथे हा हिशोब बसत नाही.

वरच्या बाजूला तागा फाडून घेऊ नकोस, कटपीस शोध. मीटर पाऊण मीटरचे पाच पीस झाले की ठिगळांचं काम भागतं.

रंगासाठी रुमालाचा कोपरा ओला करून कापडावर जोरात घासायचा, तिथल्या तिथे कळतं. मीठ लावून रंग पक्का होतो वगैरे म्हणतात त्यावर मी तरी विसंबत नाही. आणि कॉटन आहे का बघायला एक धागा घरी आणून जाळ, कागदासारखा वास आणि भुरभुरीत राख म्हणजे कॉटन, वितळून टणक गोळी झाली तर पॉलिएस्टर आहे. मार्केटमध्ये काडी ओढू नकोस, सगळीकडे कापडच कापड, माझ्या बहिणीने ओढली होती, अख्खी गल्ली ओरडली.

मस्जिद_बंदर
रविवारी बंद असतं, शनिवारी अकराला पोचा. सीएसएमटीहून चालत जा, टॅक्सी नको, हातगाड्यांमध्ये अडकून बसाल. भाव एकीनेच करायचा, दुसरीने नुसतं घड्याळ बघायचं.

धावदोरा_डोंबिवली
जाऊन आलो!! काकू, आडव्या जोडासाठी तुमचे पाय धरायला हवेत. साडेतीन मीटर म्हटल्यावर दुकानदार म्हणाला "पाँच ले लो बेन, कम पडेगा", मी म्हटलं नाही पडणार. 110 सांगितलेलं 80ला मिळालं, 280 रुपयांत खालची बाजू. घड्याळाची युक्ती मात्र फसली, कारण मैत्रीण घड्याळ बघायच्या ऐवजी शेजारच्या गाळ्यात ड्रेस मटेरियल बघत बसली आणि मी भाव पाडत असताना मागून ओरडते, "अगं किती सुंदर आहे ते, घेऊन टाक!" झालं, पुढे एक रुपया कमी झाला नाही. ही बाई फक्त सोबत म्हणून आली होती आणि दोन हजार उडवून गेली.

कटपीस पाच घेतले, 70ला एक. त्यातला एक ढिगाच्या अगदी तळाशी होता, मोहरीच्या रंगावर बारीक लाल बुट्टी, तो ओढला तर वरचा सगळा ढीग आमच्या पायावर, मग आम्हीच बसून घड्या घालून दिल्या आणि त्या मुलाने हसत हसत एक हातभर तुकडा वर टाकला. रुमाल घासला तर एका मरून कापडाने लगेच दगा दिला, ते ठेवून दिलं. मोह आवरला नाही म्हणून शेवटी एक मीटर इंडिगो, म्हणजे निळीत रंगवलेलं कापड, 150ला, त्याने पण रुमाल निळा केला होता पण तरी घेतलं, बोला आता. एकूण 780. मग क्रॉफर्ड मार्केटसमोर फालुदा खाल्ला, तो हिशोबात नाही.

धागा जाळून बघितला, सगळे पीस कॉटनच निघाले. पण इंडिगोचं तिसरं पाणी काढलं तरी बादली निळीच. काय करू?

कटपीस_काकू
काढत राहा. आणि बनियन लांब ठेव.