नाताळ एकत्र करताना: ज्याचं घर त्याची रीत, की सगळ्यांची सरमिसळ?

उंबरठा

गेल्या नाताळात आमच्याकडे एकवीस माणसं होती. सासरची, माहेरची, दिरांच्या सासरची दोन आणि नणंदेचा होणारा नवरा. चोवीसच्या संध्याकाळी सहा वर्षांच्या पुतण्याने येशूजन्माच्या देखाव्याच्या गोठ्यातली गव्हाणी रिकामी पाहिली आणि "बाळ हरवलं" म्हणून भोकाड पसरलं. आमच्याकडे बाळ येशूची मूर्ती मध्यरात्रीच्या मिस्सेवरून (चर्चमधल्या उपासनेवरून) आल्याशिवाय गव्हाणीत ठेवत नाहीत. पुतण्याच्या घरी गोठा मांडतात त्याच दिवशी बाळही ठेवतात. जाऊबाई म्हणाल्या, "ठेव ना गं आत्ताच, लेकरू रडतंय." सासूबाई म्हणाल्या, "जन्माआधी बाळ कुठून आणायचं?" दोघींचंही खरं, आणि मूर्ती हातात घेऊन मधे उभी मी.

शेवटी ठेवली. रात्री मिस्सेवरून आलो तर माझी अकरा वर्षांची मुलगी गोठ्यासमोर जाऊन उभी राहिली. दरवर्षी मूर्ती तिच्या हातून ठेवली जाते. "मग आता मी काय करू?" असं तिने विचारलं, आणि मला काही सुचलं नाही.

त्या दिवशी अशा तडजोडी आणखी पाच-सहा झाल्या. निम्म्या लोकांनी भेटी चोवीसच्या रात्री उघडल्या, निम्म्यांनी पंचवीसच्या सकाळी. रात्री उघडणाऱ्यांना सकाळी बघे व्हावं लागलं, सकाळवाल्यांना रात्री. जेवणाआधी एका बाजूची प्रार्थना, लगेच दुसऱ्या बाजूचं गाणं, आणि दोन्ही वेळा अर्धी खोली नुसती ओठ हलवत होती. भांडण कुणाशीच झालं नाही. सगळे समजूतदार. पण काही साजरं केल्यासारखं वाटलं नाही.

म्हणून माझं मत मांडते. नातेवाइकांनी जरूर एकत्र यावं, पण ज्याच्या घरी नाताळ, त्याची रीत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालावी. पाहुण्यांनी ती पाळावी, पुढच्या वर्षी त्यांच्या घरी आपण पाळू. रीत वाटून घ्यायची म्हणजे तिचे तुकडे करायचे, असं नाही.

आजोळ

असहमत. ज्याला तुम्ही "आमची रीत" म्हणताय, ती सगळी कुणाकुणाच्या घरून आलेली आहे. गोठ्याचंच घ्या. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीत ग्रेच्चोला गव्हाणी मांडली, खरं गवत, खरा बैल, खरं गाढव. तिथून ती घराघरांत पसरली. ख्रिसमस ट्री जर्मन. तो इंग्लंडच्या राजवाड्यात कुणी नेला? सुनेने आणि जावयाने! तिसऱ्या जॉर्जची राणी शार्लट जर्मनीतून लग्न होऊन आली होती, तिने १८०० साली विंडसरला झाड सजवलं. पुढे व्हिक्टोरियाचा नवरा अल्बर्ट, तोही जर्मन. झाडाभोवती उभ्या असलेल्या त्यांच्या कुटुंबाचं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात आलं आणि झाड घरोघर पोचलं. १८५० मध्ये अमेरिकेतल्या एका मासिकाने तेच चित्र छापलं, राणीचा मुकुट आणि अल्बर्टच्या मिशा खोडून. साधं घरगुती कुटुंब दिसावं म्हणून!

"ज्याचं घर त्याची रीत" हा नियम शार्लटला लावला असता, तर आज तुमच्या दिवाणखान्यात झाड नसतं.

उंबरठा

शार्लटने अर्धं झाड नव्हतं लावलं. तिने आपलं अख्खं आणलं आणि इतरांनी ते अख्खंच उचललं. मी नेमकं तेच म्हणतेय. (मिशांचं माहीत नव्हतं. आता ते चित्र शोधणं आलं.)

हिशेबी

एकवीस माणसं आणि बाथरूम किती, ते आधी सांगा.

उंबरठा

दोन. त्याबद्दल वेगळा धागा काढावा लागेल.

हिशेबी

मग गंभीर मुद्दा. मोठ्या गोतावळ्याच्या नाताळात खरी नासाडी भेटींची होते. जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थशास्त्रज्ञाचा १९९३ चा एक निबंध आहे. त्याने विद्यार्थ्यांना विचारलं: ही भेट विकत घ्यायची असती तर तुम्ही किती दिले असते? देणाऱ्याने मोजलेले पैसे आणि घेणाऱ्याने केलेली किंमत यांत एक दशांशापासून एक तृतीयांशापर्यंत तूट निघाली. आणि वस्तूंच्या भेटींत सगळ्यात मोठी तूट कुणाची? आजी-आजोबा, काका-मावश्या. म्हणजे नातं जितकं लांबचं तितका अंदाज चुकीचा. लहान गटावर केलेली पाहणी आहे, आणि मायेची किंमत त्यात धरलेली नाही, हे कबूल. पण गेल्या वर्षी मला आत्याकडून आलेला हातमोज्यांचा जोड माझ्या बोटांना होत नाही आणि आत्याला ते सांगताही येत नाही.

आम्ही उपाय केला. चिठ्ठ्या टाकायच्या, एकाने एकालाच द्यायचं. नेदरलँड्समध्ये ५ डिसेंबरला संत निकोलसच्या सणाला असं करतात, आणि भेटीबरोबर त्या माणसाची थट्टा करणारी कविताही लिहितात. कविता आम्हीही उचलली. माझ्या साडूंनी माझ्या घोरण्यावर सोळा ओळी लिहिल्या. ती वही अजून घरात आहे, बाकी भेटी कुठे गेल्या देव जाणे.

सांगायचा मुद्दा, ही रीत ना आमच्या घरची ना त्यांच्या. तिसरीकडून आणली म्हणून कुणाचा मान दुखावला नाही. उंबरठाताई, तुमच्या घरमालकी नियमात हे बसत नाही.

सात_जानेवारी

धागालेखिकेला +१. आमच्याकडे सरमिसळ करायची म्हटली तरी होत नाही. बायकोच्या माहेरचं चर्च जुन्या जुलियन पंचांगाने चालतं. ते आणि ग्रेगोरियन यांत सध्या तेरा दिवसांचं अंतर, त्यामुळे त्यांचा २५ डिसेंबर आपल्या ७ जानेवारीला पडतो. सुरुवातीला दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी मधली एक तारीख काढायचा घाट घातला होता. त्या दिवशी सगळे जमले, फोटो निघाले, आणि सासूबाई कोपऱ्यात काही न खाता बसल्या, कारण त्यांचा नाताळपूर्व उपास सुरू होता. पुढच्या वर्षीपासून आम्ही दोन नाताळ करतो. तिकडे गेलो की तिकडचं सगळं, उपासासकट. मुलांना याचं अप्रूपच वाटतं.

रात्रपाळी

तुमचं सगळं भांडण बाराच्या ठोक्यावर चाललंय. त्या ठोक्याला मी वॉर्डात असते, औषधांची ट्रॉली ढकलत. आठ वर्षांत तीनदा पंचवीसला घरी होते.

आमच्या घरी नाताळ मी सुट्टीवर असेन त्या दिवशी. एकदा २८ ला झाला, एकदा चक्क ३ जानेवारीला. मामांनी पहिल्या वर्षी कुरकुर केली, "तारीख म्हणजे तारीख." तारखेचं म्हणाल, तर शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्रात, ती कुठेच नाही. २५ डिसेंबरला हा सण रोममध्ये पाळला जात असल्याची सगळ्यात जुनी नोंद ३३६ सालची, म्हणजे जन्मानंतर तीन शतकांनी. आणि चर्चच्या हिशेबात नाताळ एका दिवसात संपतही नाही.

कोणाची रीत हा प्रश्न घरात सगळे हजर असतात त्यांना पडतो. आमचा प्रश्न कोण हजर आहे, एवढाच.

आजोळ

रात्रपाळीताई, मामांना विचारा, ते स्वतः किती वर्षं पंचवीसला स्वयंपाकघरात होते!

हिशेबी

"सगळे एका टेबलाशी" या कल्पनेबद्दल एक गंमत. विक्रीला आलेलं पहिलं नाताळकार्ड १८४३ चं, लंडनचं. हेन्री कोल नावाच्या गृहस्थाने चित्रकाराकडून काढून घेतलं. चित्रात काय, तर तीन पिढ्या टेबलाभोवती बसून पेले उंचावतायत. (एका लहान मुलीलाही वाइन पाजताना दाखवली, त्यावरून बोंब झाली.) आणि कार्ड काढलं कशाला? तर एवढ्या सगळ्यांना पत्रं लिहायला वेळ नव्हता म्हणून.

बाहेरचा_जावई

मी ख्रिस्ती नाही, लग्नामुळे या सणात आलो. तेव्हा पाहुण्याची बाजू मांडतो. पहिल्या नाताळात सासरच्या मंडळींनी माझी फार काळजी घेतली. प्रार्थना सुरू व्हायच्या आधी मेव्हणा म्हणाला, "तुम्हाला कंटाळा येईल, तुम्ही आत टीव्ही बघा." गाणी म्हणायची ती ओळखीची, धर्माचा उल्लेख नसलेली. माझ्यासाठी सण पातळ केला होता. आत टीव्ही बघत बसलेल्या माणसाला बाहेरून वीस जणांचा एकत्र आवाज ऐकू येतो, तेव्हा कसं वाटतं ते सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी सासऱ्यांनी चष्मा सापडत नाही म्हणून लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय, येशूजन्माच्या गोष्टीचा, माझ्या हातात दिला. "वाचा." दोन नावं चुकीची वाचली, पोरं हसली. चष्मा त्यांच्या खिशात होता हे मला नंतर कळलं. त्या वर्षापासून तो अध्याय माझाच.

म्हणून मी उंबरठाताईंच्या बाजूने, पण पाऊणच. रीत अख्खी ठेवा, मात्र पाहुण्याला तिच्यात काम द्या. नुसतं "पाळा" म्हणून चालत नाही. तुमच्या पुतण्याला त्या संध्याकाळी काही काम होतं का?

उंबरठा

नव्हतं. हे लागलं.

आजोळ

लूकचा दुसरा अध्याय निघालाच आहे, तर तिथेच थांबू. "उतारशाळेत त्यांना जागा नव्हती" असं आपण लहानपणापासून ऐकतो. मूळ ग्रीक शब्द आहे 'कातालुमा'. हाच शब्द लूक पुढे शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी वापरतो. पैसे देऊन राहायच्या धर्मशाळेसाठी त्याच्याकडे वेगळा शब्द आहे, येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तो येतो. त्यामुळे काही अभ्यासकांच्या मते 'कातालुमा' म्हणजे घरातली पाहुण्यांची खोली, आणि हे घर मरियेचा नवरा योसेफ याच्या नातलगांचं असावं. शिरगणतीसाठी सगळे मूळ गावी आलेले, खोली भरलेली, म्हणून बाळ गव्हाणीत.

म्हणजे पहिला नाताळसुद्धा नातेवाइकांनी गच्च भरलेल्या घरातला! त्या घरात कुणी रीत विचारली असेल का?

उंबरठा

तसं असेल तर त्या घरच्या बाईला दिवसभर एकच काळजी असणार, आता ही दोघं आली, यांना झोपवू कुठे. रीत बाजूला राहू दे, तिचं नावसुद्धा लूकने लिहिलेलं नाही.

धाकटी_पाती

सगळा धागा वाचला. एक प्रश्न कुणीच विचारला नाही. "ज्याचं घर" म्हणजे कुणाचं? रिकाम्या गव्हाणीची रीत तुमच्या सासूबाईंची. बाळ आधी ठेवायची रीत जाऊबाईंच्या घरची. ताई, तुमची स्वतःची कुठली? तुमच्या माहेरची माणसं त्या एकवीसांत होती म्हणालात. त्यांच्या रीतीचं एक वाक्य नाही तुमच्या लिहिण्यात. तुमच्या नियमाने बहुतेक बायका आयुष्यभर पाहुण्याच राहतील, स्वतःच्या घरात.

हिशेबी

सहमत. हा नियम घराच्या कागदावर नाव असलेल्यांनी केलेला वाटतो.

उंबरठा

उत्तर द्यायला चार दिवस लागले.

माझ्या माहेरी गोठा नव्हता. आमच्याकडे आगमनकाळाचं, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांचं, चक्र असायचं, चार मेणबत्त्यांचं, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, दर रविवारी एक जास्त पेटवायची. वडील त्याची गोष्ट सांगायचे. हॅम्बुर्गला १८३९ मध्ये विखर्न नावाचे एक पाळक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत होते. नाताळला किती दिवस राहिले म्हणून मुलं रोज भंडावून सोडायची, तेव्हा त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, रविवारच्या मोठ्या पांढऱ्या, इतर दिवसांच्या लहान लाल. रोज एक पेटवायची. म्हणजे विचारायचं नाही, मोजायचं.

लग्न झाल्यावर मी ते सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं. सासूबाईंचा गोठा इतका जय्यत असायचा की माझं चक्र कुठे ठेवायचं हेच मी कधी विचारलं नाही. पंधरा वर्षं झाली. आणि रिकाम्या गव्हाणीपुढे माझा जीव का अडकला, तेही आता कळतंय. तीही वाटच बघण्याची रीत आहे, फक्त दुसऱ्यांची.

तरी मत सोडत नाही. पंचवीसच्या सकाळी पाच रीती एकावर एक रचल्या की एकही नीट होत नाही, हे मला अजून तसंच दिसतं. पण "ज्याचं घर" हे शब्द मागे घेते. ज्याला जी रीत येते, त्याने ती सांगावी, एकट्याने सुरू करावी, आणि बाकीच्यांनी त्या वेळेपुरतं गप्प राहून सांगितलेलं काम करावं. वेळा वेगवेगळ्या ठेवल्या तर मारामारी होत नाही.

काल सासूबाईंना चक्राचं सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "गुलाबी मेणबत्ती पहिली का गं?" म्हटलं, नाही, तिसऱ्या रविवारी. "मग जांभळ्या तीनच आणायच्या," म्हणून त्यांनी यादीत लिहून घेतलं.

आजोळ

झाली की सरमिसळ!

उंबरठा

शेजारी शेजारी ठेवलंय. सरमिसळ म्हणू नका.

बाहेरचा_जावई

पुतण्याचं काय ठरलं?

उंबरठा

फोनवर बोलले त्याच्याशी. बाळाची मूर्ती या वर्षी त्याच्या ताब्यात. पहिल्या रविवारपासून ती माझ्या कपाटाच्या खणात राहील, किल्ली त्याच्या गळ्यात, आणि चोवीसच्या रात्री तो जागा राहिला तर किल्लीने खण तोच उघडेल, मूर्ती माझ्या मुलीच्या हातात देईल. झोपला तर तिने उठवायचं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काकू, खणाला भोक आहे ना? त्याला श्वास घ्यायला लागेल."